न दिसणारा मळ

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी नाशिक जिल्ह्यातली सर्वांत खडतर जागा कोणती, असं विचारलं तर सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतली एखादी भट्टी डोळ्यांसमोर येईल. पण निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतली मोटारीची खोली तिच्याही पुढे आहे. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर स्टार्टर, त्याला जोडलेला ऑटो स्विच, बऱ्याच ठिकाणी सिमकार्डावर चालणारा मोबाइल स्टार्टर आणि बाग मोठी असेल तर ठिबकच्या व्हॉल्व्हांची वेळ सांभाळणारा कंट्रोलर. त्याच खोलीत खाली कॅल्शियम नायट्रेटच्या आणि अमोनियम सल्फेटच्या गोण्या. कोपऱ्यात भुरीसाठी आणलेलं गंधक, डाऊनीसाठी मोरचूद आणि चुना. पाली, मुंग्या, कोळी यांचा मुक्त वावर. आणि जून ते सप्टेंबर दारातून, फटीतून आत येत राहणारी दमट हवा.

पावसाळा मध्यावर आला की या खोल्यांतली यंत्रं विचित्र वागू लागतात. मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत भरपूर पाणी असताना ‘ड्राय रन’ दाखवून बंद पडते. मोबाइलवरून दिलेली आज्ञा घेत नाही. दुरुस्तीवाला खोकं उघडतो, आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बाहेर काढतो, तर कुठेच काही जळालेलं नसतं. तो ते द्रावणाने आणि ब्रशने नीट धुतो, वाळवतो, पुन्हा बसवतो आणि मोटार शहाण्यासारखी चालू लागते. शेतकऱ्याला वाटतं, एखादी वायर ढिली असेल. खरं तर कार्डावर बसलेला मळच बिघाड घडवत होता.

हा मळ डोळ्यांना दिसतोच असं नाही. प्रत्येक क्षाराची हवेतली ओल ओढून घेण्याची एक ठरावीक पातळी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ स्वतःच पाणी धरून विरघळू लागतं. अमोनियम सल्फेटला ८० टक्के लागतात, अमोनियम नायट्रेटला सुमारे ६०, आणि कॅल्शियम नायट्रेट तर ५० च्या आसपासच पाझरतं. नाशिकला श्रावणातल्या सकाळी आर्द्रता ८० च्या वर असणं नेहमीचंच. त्यामुळे गोणी ओतताना उडालेला खताचा कण कार्डावर जाऊन बसला, की त्याला भिजायला पावसाचा थेंब लागत नाही. तो हवेतूनच स्वतःपुरतं पाणी गोळा करतो. घामेजल्या बोटाचा ठसाही हेच करतो, कारण घामात मीठ असतं.

या ओलाव्याला वीज मिळाली की पुढचा प्रकार सुरू होतो. कार्डावरच्या दोन तांब्याच्या रेषांमध्ये अनेकदा एक मिलिमीटरही अंतर नसतं. एकीवर धन दाब, दुसरीवर ऋण. मधल्या खारट पाण्याच्या पातळ थरात धन बाजूचा धातू अणू-अणूने विरघळतो, थरातून सरकत पलीकडे जातो आणि ऋण बाजूवर पुन्हा धातू होऊन साचतो. साचता साचता त्याला फांद्या फुटतात आणि त्या फांद्या उलट दिशेने, धन बाजूकडे वाढत येतात. तंत्रज्ञ यांना डेंड्राइट म्हणतात. थेंबभर पाणी आणि काही व्होल्ट मिळाले तर कथिलाच्या किंवा चांदीच्या अशा फांद्या काही मिनिटांत दोन रेषा जोडतात. त्यातून जास्त प्रवाह वाहिला तर फांदी वितळून तुटते आणि बिघाड गायब होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतो. ‘सकाळी बंद, दुपारी चालू’ या तक्रारीचं एक कारण इथे सापडतं. ऊन चढलं की थर वाळतो.

आता प्रश्न असा, की हा मळ फक्त शेतातून आणि रस्त्यावरूनच येतो का? त्याचा मोठा भाग कार्डाबरोबर कारखान्यातूनच येतो. ते समजायला नाशिकच्या जुन्या गावातला एक धंदा आठवावा. तांबट आळी आणि भांडी बाजार यांचं हे शहर. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला तापलेल्या भांड्यात आधी नवसागर टाकतो. पांढरा धूर निघतो, धातूवरची काजळी सुटते आणि मग कथिल चकचकीत पसरतं. नवसागर नसेल तर कथिल धातूला धरतच नाही. काम झालं की भांडं पाण्यात बुडवलं जातं आणि उरलेला नवसागर धुऊन जातो. इलेक्ट्रॉनिक कार्डावर सुटे भाग जोडण्याची क्रिया रसायनदृष्ट्या याच घराण्यातली आहे. आजच्या शिसेविरहित सोल्डरमध्येही साधारण ९६.५ टक्के कथिलच असतं, बाकी ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. नवसागराच्या जागी फ्लक्स येतो. फरक शेवटच्या पायरीत आहे. भांडं पाण्यात जातं, कार्ड बहुतेक वेळा जात नाही.

फ्लक्सची जुनी आणि विश्वासू जात म्हणजे राळ. उत्तराखंड-हिमाचलच्या चीड वृक्षांतून निघणारा डिंक तापवून, त्यातलं टर्पेंटाइन वेगळं काढून उरते ती ही राळ. तिच्यातलं अॅबिएटिक आम्ल तापल्यावर काम करतं, म्हणजे तांब्यावरचा ऑक्साइड खातं. थंड झाल्यावर राळ काचेसारखी घट्ट होते आणि उरलेलं आम्ल स्वतःच्या पोटात कोंडून ठेवते. नुसती शुद्ध राळ असती तर धुण्याची फारशी गरजच पडली नसती. पण नुसत्या राळेने काळवंडलेलं तांबं लवकर साफ होत नाही, म्हणून तिच्यात क्लोराइड, ब्रोमाइड यांसारखे तिखट क्षार मिसळले गेले. काम झटपट होऊ लागलं आणि मागे उरणारा मळ धोकादायक झाला.

इथे धुण्याचं खरं कोडं सुरू होतं. राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये जवळपास नाही. दुरुस्तीच्या दुकानात आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रशने फासून कार्ड तसंच वाळू दिलं तर राळ पातळ होऊन सगळीकडे पसरते, तिच्या पोटातले क्षार मोकळे होतात, अल्कोहोल उडून जातं आणि मागे पांढुरकी साय उरते. राळेने कोंडून ठेवलेला शत्रू आपणच सोडून दिला, असं हे होतं. अर्धवट धुणं हे न धुण्यापेक्षा वाईट, हे या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. ब्रशने मळ सुटला की स्वच्छ द्रावणाने तो कार्डावरून वाहून गेलाच पाहिजे. कारखान्यांत यासाठी पाण्यात अल्कधर्मी रसायन घालतात. ते राळेशी संयोग पावून तिचा साबण करतं आणि साबण पाण्याबरोबर जातो. शेवटचं खळबळणं मात्र क्षार पूर्ण काढलेल्या, डीआयोनाइज्ड पाण्याने. नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यात धुतलेलं कार्ड वाळलं की पाण्यातले क्षार त्यावर बसतात आणि गोष्ट पुन्हा सुरुवातीला येते.

आणखी एक अडचण आकाराची. आज चिपचं पोट आणि कार्ड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी फट असते. फ्लक्स तापल्यावर पातळ होऊन तिथे सहज शिरतो. पाणी तिथे सहज शिरत नाही, कारण त्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून अधिक आहे. म्हणून साबणासारखी रसायनं, दाबाचे फवारे आणि अल्ट्रासॉनिक टाक्या लागतात. अशा टाकीत साधारण ४० हजार हर्ट्झची कंपनं द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात आणि ते फुटताना मळ उपटतात. पण त्याच कंपनांनी क्वार्ट्झचे क्रिस्टल, सूक्ष्म संवेदक आणि मायक्रोफोन दुखावू शकतात. त्यामुळे टाकी आणली म्हणजे सगळं सुटलं, असं होत नाही.

किती मळ म्हणजे फार मळ? या प्रश्नाला आकडा दिला तो अमेरिकेच्या नौदलाच्या इंडियानापोलिस इथल्या एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या, केंद्राने, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. कार्ड ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के पाणी अशा मिश्रणाने धुवायचं, राळ आणि क्षार दोन्ही सुटावेत म्हणून, आणि त्या धुवणाचा विद्युतरोध मोजायचा. जितके क्षार जास्त, तितका रोध कमी. मर्यादा ठरली ती चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाइतकी. ०.३ मिलिमीटर बाजूचा मिठाचा एक दाणा सुमारे ६० मायक्रोग्रॅम भरतो. म्हणजे सहा सेंटिमीटर लांब-रुंद कार्डावर असा एक दाणा समप्रमाणात पसरला, तर मर्यादा गाठली गेली. हा आकडा जवळपास अर्धं शतक जगभर चालला. मात्र तो मोठमोठ्या, विरळ भागांच्या कार्डांसाठी होता आणि सरासरी सांगत होता. एखाद्या चिपखालीच सगळा मळ साचला असेल तर सरासरी काय कामाची? म्हणून २०१८ मध्ये आयपीसी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने, फक्त या एका आकड्यावर कार्ड स्वच्छ ठरवता येणार नाही, कारखान्याने आपली प्रक्रिया पुराव्यानिशी सिद्ध करावी, असं सांगितलं. त्यातली एक चाचणी कोकण-नाशिककरांना ओळखीची वाटावी अशी आहे. ४० अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता, सलग सात दिवस, आणि त्या काळात रेषांमधला रोध १० कोटी ओहमच्या खाली जाता कामा नये.

विमानांच्या बाबतीत ही काळजी का घेतली गेली, हे ओझरच्या लोकांना समजावून सांगावं लागू नये. १९६४ मध्ये तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला, मिग विमानं बनली, मग सुखोई-३०, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत गारठलेलं विमान दमट हवेत खाली उतरतं तेव्हा आतल्या थंड कार्डांवर दव धरतं. म्हणून विमानातल्या कार्डांवर अॅक्रिलिक, युरेथेन किंवा सिलिकॉनचा पातळ लेप देतात. हा लेप स्वच्छ कार्डावरच टिकतो. खाली क्षार राहिला असेल तर लेपातून झिरपणारी वाफ तो ओढून घेतो, लेपाखाली फोड येतात आणि मळ लेपाच्या आत सुरक्षित राहून काम करत राहतो. लेप द्रवरूप पाणी अडवतो, वाफ पूर्णपणे अडवत नाही. शेतीच्या स्टार्टरचं कार्ड नुसतं वार्निशमध्ये बुडवून ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं.

शहरातला दुसरा उद्योग मोजमापाच्या उपकरणांचा. १९८२ मध्ये स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स नाशिकमध्ये पॅनेल मीटर, मल्टिमीटर अशी उपकरणं बनवते. २०११ मध्ये तिने पोलंडची लुमेल ही कंपनी घेतली. मोजमापाच्या उपकरणात मळाचा त्रास वेगळ्या रूपात दिसतो. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. कार्डावरच्या मळातून त्याला समांतर दहा कोटी ओहमची वाट फुटली तरी आतला रोध सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. शॉर्ट होत नाही, धूर निघत नाही, फक्त वाचन चुकतं. चुकीचं वाचन बंद यंत्रापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण त्यावर माणसं विश्वास ठेवतात.

कार्ड कशाने धुवायचं, या प्रश्नाचा इतिहास एखाद्या कादंबरीइतका वळणावळणाचा आहे. १९८० च्या दशकात जगभरचे कारखाने एका द्रावणावर खूश होते: फ्रेऑन-११३. ते ४७.६ अंशांना उकळायचं, पेट घ्यायचं नाही, प्लास्टिकला धक्का लावायचं नाही, आणि माणसालाही त्या मानाने निरुपद्रवी. टाकीच्या तळाशी ते उकळत ठेवायचं. वर वाफेचा जड थर तयार व्हायचा. थंड कार्ड त्या थरात सोडलं की वाफ त्यावर जमून मळासकट खाली गळायची, कार्ड गरम झालं की गळणं थांबायचं, आणि ते कोरडं ठणठणीत बाहेर यायचं. अमेरिकी लष्कराची मानकंच अशी होती, की हे द्रावण वापरण्यावाचून कंत्राटदारांना फारसा पर्याय नव्हता.

पण १९७४ मध्येच मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी या कुळातली रसायनं वर जाऊन ओझोनचा थर खातात, असं मांडलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जगासमोर आलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रिअलमध्ये करार झाला. उद्योगजगतातून सूर निघाला की या द्रावणाविना इलेक्ट्रॉनिक्स अशक्य आहे. आणि मग अवघ्या काही महिन्यांत, १९८८ च्या जानेवारीत, एटी अँड टी आणि पेट्रोफर्म या अमेरिकी कंपन्यांनी संत्र्याच्या कुळातल्या फळांच्या सालीतून मिळणाऱ्या टर्पिनपासून बनवलेलं द्रावण पुढे आणलं. ज्या राळेला फ्रेऑन लागत होतं तिला फळाच्या सालीतलं तेलही विरघळवत होतं. नागपूरच्या बाजारात संत्री सोलून फेकलेल्या सालीकडे या नजरेने आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, ही खंत इथे नोंदवावीशी वाटते. कॅनडाच्या नॉर्टेल कंपनीने १९९१ अखेर फ्रेऑन-११३ चा वापर पूर्ण थांबवला आणि त्यात तिचे पैसे वाचले. ज्या गोष्टीला अशक्य म्हटलं गेलं ती चार-पाच वर्षांत झाली. पॉल क्रुट्झन यांच्यासह मोलिना आणि रोलँड यांना १९९५ मध्ये नोबेल मिळालं.

भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. आपल्याकडची अडचण मात्र निराळी होती. इथल्या छोट्या दुकानांत फ्रेऑन क्वचितच पोचलं. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर बाटली असायची ती सीटीसीची, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडची. टेपचं हेड पुसायला, टीव्हीचा ट्यूनर धुवायला तेच. ओझोनलाही ते मारक आणि माणसाच्या यकृतालाही. २००३ मध्ये भारताच्या सीटीसी बंद करण्याच्या आराखड्याला मॉन्ट्रिअल कराराच्या बहुपक्षीय निधीची मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०१० पासून असे वापर बंद झाले. ज्या कारागिरांनी आयुष्यभर ती बाटली नाकाशी धरून काम केलं त्यांच्या तब्येतीचा हिशेब कुणी मांडला नाही.

हा हिशेब जुना होऊन संपलेलाही नाही. २००९ मध्ये चीनमधल्या सुझौ शहरात विंटेक कंपनीच्या कारखान्यात मोबाइलचे पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरलं गेलं, कारण ते लवकर उडतं. १३७ कामगारांना बाधा झाल्याचं अॅपलने २०११ मध्ये जाहीर केलं. हेक्झेन हातापायांच्या मज्जातंतूंवर घाला घालतं. नाशिकच्या गल्ल्यांतही काचेचं दार लावून, एसी चालवून, चार फुटांच्या टेबलावर थिनरने कार्ड धुणारी मुलं आहेत. थिनरमध्ये बहुधा टोल्युईन असतं. आयपीए त्याहून पुष्कळ बरं, पण त्याची वाफ १२ अंशांच्या आसपास तापमानालाच पेट घेऊ शकते आणि शेजारी ३५० अंशांची सोल्डरिंग गन चालू असते. राळेचा धूर वर्षानुवर्षं नाकात गेला तर दमा होतो, ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा ही या मुलांची गरज आहे आणि तो मालकाने लावलाच पाहिजे.

धुण्याचा हा सगळा त्रास टळावा म्हणून ‘नो-क्लीन’ फ्लक्स आले. आज बहुतेक कार्डं त्यांनीच जोडली जातात. त्यांत अॅडिपिक, सक्सिनिक अशी सौम्य आम्लं असतात आणि ती सोल्डरिंगच्या भट्टीच्या पूर्ण उष्णतेत जवळजवळ संपून जातात. ‘पूर्ण उष्णतेत’ ही अट महत्त्वाची. भट्टीतून गेलेल्या कार्डावर ती पाळली जाते. पण दुरुस्ती करताना सिरिंजने भरपूर फ्लक्स ओतला, गनने एका चिपपुरतं तापवलं आणि बाकीचा फ्लक्स शेजारच्या भागांखाली थंडच राहिला, तर तिथे जिवंत आम्ल उरतं. डबीवर ‘नो-क्लीन’ लिहिलं आहे म्हणून ते पुसलं जात नाही. दुरुस्त केलेला फोन किंवा इन्व्हर्टर काही महिन्यांनी शेजारच्याच जागी पुन्हा बिघडतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मळापलीकडचीही एक इजा असते. बागेच्या खोलीतल्या गंधकाला चांदी फार आवडते. रिलेचे संपर्कबिंदू चांदीचे असतात, आणि तांदळाच्या कणीएवढ्या चिप रेझिस्टरच्या पोटातही चांदीचा थर असतो. गंधकाने त्याचं काळं सल्फाइड केलं की रेझिस्टर तुटल्यासारखा निकामी होतो. गंधकाचा हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की प्रयोगशाळेत सुटे भाग पारखायला बंद भांड्यात गंधकाची भुकटी ठेवून चाचणी घेतात. हे नुकसान कितीही धुतलं तरी भरून निघत नाही. त्यावर उपाय एकच: गंधक आणि खत त्या खोलीत ठेवायचं नाही.

आणि मग गोदावरी. २००८ चा सप्टेंबर, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ हे पूर नाशिककरांच्या लक्षात आहेत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं यावरून गाव पुराचा अंदाज घेतं, आणि सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल इथले दुकानदार माल वर हलवू लागतात. पुराचं पाणी म्हणजे गाळ, गटार आणि त्यातले क्षार. पाणी ओसरलं, वस्तू उन्हात ठेवल्या, वरून कोरड्या झाल्या की लोक बटण दाबून बघतात. तिथेच घात होतो. भिजलेलं बंद कार्ड बहुतेकदा वाचतं. भिजलेल्या कार्डाला वीज दिली की तांबं विरघळायला लागतं. वाळलेल्या पण न धुतलेल्या कार्डावर क्षार तसेच बसलेले असतात आणि पुढच्या दमट दिवसाची वाट पाहतात.

फोन पाण्यात पडला की तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपाय घरोघरी चालतो. अॅपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदळाला स्पष्ट नकार दिला. तांदळाचे बारीक कण आत जातात, आणि तांदूळ पाणी ओढतो असं मानलं तरी पाण्यातला क्षार मागेच राहतो. योग्य क्रम असा: फोन लगेच बंद करायचा, चार्जर लावायचा नाही, आणि त्याच दिवशी उघडू शकेल अशा माणसाकडे न्यायचा. महात्मा गांधी रोडवर मोबाइलची इतकी दुकानं आहेत की माणूस सापडणं अवघड नाही. तिथे पहिलं काम बॅटरी सोडवण्याचं. मग कॅमेरा, पडदा, स्पीकर वेगळे करायचे, चिपांवरची पत्र्याची झाकणं काढायची, कार्ड आयपीएमध्ये किंवा त्यासाठीच्या द्रावणात धुवायचं, स्वच्छ द्रावणाने पुन्हा खळबळायचं आणि ६०-७० अंशांच्या कोमट उबेत पूर्ण वाळवायचं. करोनाकाळातलं घरात उरलेलं सॅनिटायझर यासाठी वापरू नये. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते कार्डावरून उडत नाही. बॅटरीतून गळलेल्या अल्कधर्मी द्रवाने रिमोट किंवा घड्याळाचं कार्ड हिरवं-पांढरं झालं असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन तो द्रव आधी निष्प्रभ करायचा, मग शुद्ध पाणी, मग आयपीए.

धुण्याचं पाणी कुठे जातं, हेही विचारायला हवं. त्यात शिसं, कथिल, तांबं आणि राळेचा साबण असतो. सातपूरहून वाहणारी नासर्डी पुढे गोदावरीलाच मिळते. मोठ्या कारखान्यांवर नियमांची नजर असते. लहान शेडमधली बादली थेट मोरीत रिकामी होते. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकांनी मिळून एखादं सामायिक धुलाई आणि चाचणी केंद्र उभारलं, तर डीआयोनाइज्ड पाणी, आयन मोजणारं यंत्र आणि सांडपाण्याची प्रक्रिया यांचा खर्च वाटला जाईल. एकेकट्या शेडला हे परवडणारं नाही, हे मान्यच आहे. पण दहा-वीस शेड एकत्र आल्या तर कुठलीच सबब उरत नाही.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसाळ्यात, सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या घाटांवर कॅमेरे, ध्वनिक्षेपक, सूचनाफलक, पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं लागतील, आणि ती सगळी नदीच्या वाफेत, गर्दीच्या धुळीत उभी राहतील. लाखो माणसांची सुरक्षितता त्यांच्यावर अवलंबून असेल. ही खरेदी करणाऱ्या महापालिकेने, पोलिसांनी आणि कंत्राटदारांनी फक्त खोक्याचं वॉटरप्रूफ प्रमाणपत्र बघून समाधान मानू नये. आतली कार्डं धुऊन, त्यांची स्वच्छता मोजून, आणि त्यानंतरच लेप देऊन पुरवावीत, ही अट निविदेतच घालावी आणि माल आल्यावर त्यातली काही कार्डं काढून ती तपासून घ्यावी.